कर्नाळ्याची पंगत आणि जिराफाची जीभ

मे महिना आला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ठरावीक फोटो येऊन पडतो. लाकडी कठड्याशी आखाती देशातली किंवा नैरोबीतली भाचरं उभी असतात, पलीकडून जिराफाचं भलंमोठं डोकं वाकून आलेलं असतं आणि त्याची काळपट जीभ कुणाच्या तरी तळहाताला वेढा घालत असते. फोटो पाहून पनवेलची पोरं विचारतात, ‘आपल्याकडे असं कुठे करता येतं?’

कुठेच नाही. पनवेलला नाही, मुंबईला नाही, पुण्यालाही नाही. भारतातल्या कुठल्याच प्राणिसंग्रहालयात पाहुण्यांनी प्राण्याला भरवायचं नसतं. तसा कायदाच आहे. पण पोरांचा हट्ट अगदीच मोडीत काढायचं कारण नाही. पनवेलपासून साधारण 12 किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. तिथे रानातली पाखरं जेवताना चांगली जवळून पाहता येतात. पंगत मांडलेली असते, फक्त वाढपी आपण नसतो. त्या पंगतीला कुठे आणि कधी जाऊन उभं राहायचं, हे या लेखात सांगायचं आहे. मात्र आधी जिराफाचं प्रकरण उरकू. तिकडची व्यवस्था कशी चालते हे कळलं की इकडचे नियम कटकटीचे वाटत नाहीत.

जिराफ हा उंचावरचा पाला ओरबाडून खाणारा आणि रवंथ करणारा प्राणी. नर 18 फुटांपर्यंत वाढतो. आफ्रिकेच्या माळरानात बाभळीच्या जातीच्या झाडांवर त्याचा जीव. त्या झाडांना बोटभर लांब काटे, आणि त्या काट्यांमधून कोवळी पानं तेवढी ओढून काढायची म्हणून निसर्गाने त्याला दीड फुटी जीभ दिली. ही जीभ फांदीला गुंडाळता येते, पानं पकडता येतात आणि झटक्यात ओढता येतात. तिचा पुढचा भाग काळा-जांभळा असतो. दिवसभर उन्हात बाहेर राहणाऱ्या जिभेचं रक्षण व्हावं म्हणून तो रंग असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गाईम्हशींप्रमाणेच जिराफाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. म्हणून हातावरचा खाऊ घेताना तो चावत नाही, जिभेने गोळा करतो. जिभेवर दाट, चिकट लाळ असते. ती हाताला लागली की नळाखाली बराच वेळ घासावं लागतं.

दिवसाला तीसेक किलो पाला त्याच्या पोटात जातो. एवढा पाला गोळा करण्यात आणि मग तो रवंथ करण्यात दिवसाचा मोठा भाग निघून जातो. प्राणिसंग्रहालयात अडचण होते ती इथेच. कोंडा, धान्य, फळं अशा झटपट पोट भरणाऱ्या वस्तू दिल्या की खाणं चटकन उरकतं आणि जिभेला काम उरत नाही. मग जिराफ गज चाटत बसतो, भिंत चाटतो, हवेत जीभ फिरवत राहतो. हे चाळे जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांत दिसतात आणि पाल्याची तूट हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. दुसरा धोका पोटातला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात पाला कुजवणारे सूक्ष्मजीव असतात. त्यांच्यावर एकदम पिठूळ किंवा गोड पदार्थांचा मारा झाला की आम्ल वाढतं आणि जनावर आजारी पडतं. ज्याने घरी गाय पाळली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. लग्नातलं उरलेलं अन्न खाऊन फुगलेल्या गाईंच्या गोष्टी गावोगाव आहेत.

म्हणजे जिथे जिराफाला भरवायची सोय नीट केलेली असते, तिथे त्यामागे हिशेब असतो. केनियात नैरोबीजवळ लांगाटा इथलं जिराफ केंद्र हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. जॉक आणि बेटी लेस्ली-मेलव्हिल या दांपत्याने 1979 मध्ये त्याची सुरुवात केली. रॉथशिल्ड जिराफ नावाचा प्रकार तेव्हा केनियात संपत आला होता आणि त्याची पिल्लं वाढवून नव्या रानांत सोडायची हा मूळ उद्देश होता. पाहुणे नंतर आले. तिथे जिराफाच्या तोंडाच्या उंचीला येईल असा लाकडी माळा बांधलेला आहे. हातात येतात त्या केंद्रानेच दिलेल्या, दळून दाबलेल्या खाद्याच्या छोट्या गोळ्या. घरून आणलेलं काही चालत नाही. गोळ्यांनी पोट भरायचं नाही, ते भोवतालच्या रानातल्या पाल्याने भरायचं, असा तो बेत. तिकिटाच्या पैशातून केनियातल्या शाळकरी मुलांना निसर्गशिक्षण मिळतं आणि इथे वाढलेले जिराफ नाकुरूसारख्या राष्ट्रीय उद्यानांत सोडले गेले आहेत. एवढं करूनही कर्मचारी पाहुण्यांना बजावतात की खाऊ संपल्यावर जिराफासमोर रेंगाळू नका, तो डोक्याने ढुशी देतो. त्याला वाटतं, अजून आहे आणि हा देत नाही. माणसाच्या हातून खायची सवय लागलेल्या कुठल्याही जनावराचं पुढे हेच होतं.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने मुळातच निकालात काढला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 1991 साली प्राणिसंग्रहालयांसाठी एक वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि त्यातलं 38-जे हे कलम सांगतं की प्राणिसंग्रहालयात कुणीही प्राण्याला खिजवायचं नाही, इजा करायची नाही, खायला घालायचं नाही, आवाज करून त्रास द्यायचा नाही आणि कचरा टाकायचा नाही. खिजवणं आणि खाऊ घालणं एकाच ओळीत बसवलं आहे, हे मला फार नेमकं वाटतं. जिराफ पाहायचाच असेल तर म्हैसूर किंवा कोलकात्याचं अलिपूर प्राणिसंग्रहालय आहे. लांबून बघा, फोटो काढा, बस.

अभयारण्य ही मात्र वेगळी चीज. प्राणिसंग्रहालयात प्राणी पिंजऱ्यात आणि माणूस मोकळा. अभयारण्यात प्राणी त्याच्या घरात असतो आणि आपण परवानगीने आत आलेले असतो. ही परवानगीसुद्धा कायद्यात लिहिलेली आहे: अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठीच आत जाता येतं. दारावर आपण जे तिकीट घेतो, ती खरी ही परवानगी. परदेशातल्या जाहिरातींत ‘सँक्च्युअरी’ म्हणून मिरवणाऱ्या अनेक जागा या खासगी, कुंपण घातलेल्या प्राणिशाळा असतात. त्यांच्यात आणि कर्नाळ्यात नावापलीकडे काही सारखं नाही.

आता कर्नाळा. रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. 1968 मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं. 2003 मध्ये वाढवून ते 12.11 चौरस किलोमीटर झालं. ताडोबाच्या मानाने हे परसच म्हणायला हवं. पण आंब्यापासून सागापर्यंत, ऐन-किंजळापासून उंबर-नांदरुकापर्यंत मिश्र झाडोरा, मधूनमधून ओढे आणि डोक्यावर किल्ल्याचा कडा, यामुळे एवढ्याशा जागेत दीडशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात ते वेगळे. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना ज्या जंगलांसाठी झटले, त्यांत नवेगाव, नागझिरा आणि मेळघाटाबरोबर कर्नाळ्याचंही नाव घेतलं जातं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

जायचं कसं, तर पनवेलच्या एसटी स्थानकातून पेण-अलिबागकडे जाणारी गाडी पकडायची आणि कंडक्टरला आधीच ‘कर्नाळा’ सांगून ठेवायचं. स्वतःची गाडी असेल तर पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या दिशेने निघायचं. वाटेत शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं ते जन्मगाव. अभयारण्याच्या दारात पोचायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. दार उघडताच आत असणारा माणूस आणि नाश्ता करून दहा वाजता येणारा माणूस, या दोघांनी पाहिलेला कर्नाळा वेगवेगळा असतो. लहान पाखराचं शरीर रात्रभर साठवलेल्या चरबीवर तगलेलं असतं. उजाडलं की त्याला पहिलं काम खाण्याचं. सकाळचे पहिले दोन-तीन तास पंगत भरात असते. दुपारी ऊन चढलं की पाखरं पानाआड गप्प होतात. संध्याकाळी पुन्हा थोडी धांदल असते, पण तोवर दार बंद व्हायची वेळ झालेली असते.

दारावर पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या बाटल्या, पाकिटं मोजून अनामत रक्कम घेतात आणि परत येताना तेवढाच ऐवज दाखवला की पैसे परत देतात. ही पद्धत मला फार आवडते. पाट्यांनी जे होत नाही ते अनामतीने होतं. स्टीलची बाटली आणि कापडी पिशवीतला डबा नेला तर रांगेतला वेळही वाचतो. कपडे मळखाऊ हिरवे, खाकी, राखाडी. पांढरा शर्ट आणि लाल टोपी पाखरांना आपल्याआधी दिसते. दुर्बीण 8 बाय 40 च्या आसपासची पुरेशी आहे. त्याहून ताकदवान दुर्बिणीत हात थरथरला की पक्षीच सापडत नाही.

आत दोन ओळखीच्या निसर्गवाटा आहेत. हरियाल वाट छोटी, साधारण किलोमीटरभराची. म्हातारीकोतारी, लहान मुलं सगळ्यांना झेपते. मोरटाका वाट लांब आहे आणि चढ-उताराची. बहुतेक लोक मात्र दारातून थेट किल्ल्याचा रस्ता धरतात. किल्ला पाहण्यासारखा आहेच: सव्वाशे फुटी कातळसुळका, 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागलेला आणि 1670 मध्ये परत घेतलेला गड. पण ज्याला पक्षी पाहायचे त्याने त्या दिवशी गड सोडून द्यावा. चढणारा माणूस पायाखाली बघतो आणि धापा टाकतो, आणि पाखरं बघायला या दोन्ही गोष्टी वाईट.

वाटेवर शिरलात की पक्षी शोधू नका. झाड शोधा. जेवणारा स्वतःच येतो, तुम्ही ताट कुठे वाढलं आहे ते हेरायचं. कर्नाळ्यात या कामी उंबरासारखं दुसरं झाड नाही.

उंबर ओळखायला सोपा, कारण फळं फांद्यांच्या टोकाला नसतात, थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात. कच्ची हिरवी, पिकली की तांबूस. ‘उंबराचं फूल’ म्हणजे क्वचितच दिसणारा माणूस, असं आपण म्हणतो, पण उंबराला फुलं असतात, शेकड्यांनी असतात. ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत, भिंतीला आतून चिकटलेली असतात. फळाच्या टोकाला एक बारीकसं भोक असतं. त्यातून वरट नावाच्या किड्याची मिलिमीटर-दोन मिलिमीटरची मादी आत घुसते. भोक इतकं अरुंद आणि खवल्यांनी भरलेलं की आत जाताना तिचे पंख तुटून पडतात. आत ती काही फुलांत अंडी घालते आणि सोबत आणलेले परागकण दुसऱ्या फुलांवर टाकते, आणि तिथेच मरते. पुढे अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी संग करतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि त्यांचं आयुष्य तिथेच संपतं. त्या बोगद्यातून नव्या माद्या अंगावर पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. त्या गेल्यानंतर फळ पिकतं, मऊ होतं, गोड होतं. मग पाखरांची पाळी.

यात पाखरांच्या दृष्टीने एक फार सोयीची गोष्ट आहे. वरटाचं आयुष्य दिवसा-दोन दिवसांचं. ती बाहेर पडेल तेव्हा जवळपास कुठल्या तरी उंबरावर कच्ची फळं तयार हवीत, नाहीतर दोघांचाही वंश खुंटेल. म्हणून सगळे उंबर एका वेळी पिकत नाहीत. हा आज, तो पुढच्या महिन्यात, ओढ्याकाठचा त्यानंतर, असं वर्षभर चालू असतं. आंबा, जांभूळ, करवंद हे मोसमी आहेत. उंबराचं अन्नछत्र बारमाही. भर पावसात किंवा ऐन थंडीत रानात दुसरं फळ नसतं तेव्हा फळखाऊ पाखरं उंबरावर आणि त्याच्या वडा-नांदरुकासारख्या भाऊबंदांवर तगतात. जंगलातून बाकी चार झाडं कमी झाली तर भागेल, पण उंबर-वड गेले तर पाखरांची उपासमार होते.

पिकलेला उंबर सापडला की त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, शक्यतो एखाद्या बुंध्याच्या आडोशाला उभं राहायचं आणि पंधरा मिनिटं हलायचं नाही. पोरांना हे सगळ्यात जड जातं, पण पहिली पाच मिनिटं गेली की गंमत सुरू होते. आधी बुलबुल येतात; त्यांना धीर कमी आणि बडबड जास्त. मग तांबट: चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ आणि छातीवर लाल ठिपका. उन्हाळ्यात भांड्यावर हातोडी मारल्यासारखा त्याचा टुक-टुक-टुक आवाज ऐकलेला असतो, पण पक्षी इथे पहिल्यांदा नीट दिसतो. त्याचा थोराड भाऊबंद कुटुर्गा. तो फळ चोचीत धरतो, मान मागे टाकतो आणि अख्खं गिळायला बघतो. बसलं नाही तर फांदीवर आपटतो. कोकीळ नर-मादी दोघंही येतात. मादी ठिपक्यांची आणि ओरडण्यात फारसा रस न घेणारी. हळद्या एखादं फळ टिपून निघून जातो.

आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतो तो हरियाल. लक्षात येतो म्हणायचं कारण, बहुतेक वेळा तो आधीपासून तिथेच असतो. पोपटी-राखी अंग, पिवळे पाय, मानेखाली पिवळसर पट्टा: पानांत हा रंग असा विरतो की दहा-पंधरा पक्ष्यांचा थवा डोक्यावर बसलेला असूनही झाड रिकामं वाटतं. एखादा फळासाठी उलटा लोंबकळला की फांदी हलते, आणि एक दिसला की मग सगळे दिसतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. कबुतराच्याच कुळातला, पण जमिनीवर क्वचित उतरणारा आणि झाडावरच्या फळांवर जगणारा. कर्नाळ्यातल्या छोट्या वाटेला त्याचंच नाव आहे.

पंगतीत वरचे सांडतात ते खालचे खातात. झाडाखाली पडलेल्या उंबरांवर भेकर येतं. दिवसा ते दिसेलच असं नाही, पण चिखलात त्याच्या खुरांचे ठसे शोधता येतात. रात्री वटवाघळं आणि उदमांजरं येतात. आणि या सगळ्यांच्या विष्ठेतून उंबराचं बी रानभर जातं. झाड फुकट जेवायला घालत नाही, ते भाडं वसूल करतं.

फळांचं झालं, आता मधाचं. जानेवारीअखेर ते मार्चपर्यंत काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतो. पानं झडलेली, झाड लालभडक, आणि आडोसा काहीच नाही. नवख्याने पहिल्यांदा जायचं तर याच दिवसांत जावं, कारण पाखरू उघड्यावर बसतं. काटेसावरीचं फूल मोठं वाटीएवढं, मांसल, आत मध भरलेला. शिंजीर टोकदार चोच बुडवतात, हरेवा पानाच्याच रंगाचा म्हणून एरवी सापडत नाही तो इथे सापडतो, मैना-कोतवाल भांडतात, भोरड्यांचे थवे येऊन झाड डोक्यावर घेतात. दुर्बिणीतून नीट बघा: मध पिऊन बाहेर आलेल्या पाखराच्या कपाळाला पिवळी पूड लागलेली असते. तोच पराग पुढच्या झाडाला जातो.

किडे खाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. हिवाळ्यात वाट अगदी सुनी असते, आणि एकाएकी चारी बाजूंनी पाखरं दिसू लागतात. हा मिश्र थवा. सुतार साल ठोकतो, टकाचोर फांद्या धुंडाळतो, नाचण शेपटीचा पंखा उघडून किडे उठवतो, सातभाई खाली पाचोळा उलथवतात. यांच्या मागे हमखास असतो भृंगराज, शेपटीच्या दोन लांब काड्यांना टोकाशी पिसं असलेला काळा पक्षी. तो पहारेकरी. ससाणा दिसला की आधी हा ओरडतो. पण तो दुसऱ्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढतो आणि दचकून कुणी किडा टाकला की तो उचलतोही. असा थवा लागला तर त्याच्या मागे धावू नका. तो पाच-दहा मिनिटांत तुमच्याच अंगावरून पुढे जातो.

पावसाळ्यात कर्नाळ्याचं नाव देशभरातल्या छायाचित्रकारांच्या तोंडी असतं ते तिबोटी खंड्यामुळे. जेमतेम 13 सेंटिमीटर लांबीचा पक्षी: पोट पिवळं, पाठ गडद निळी, डोक्यावर जांभळी झाक, चोच पोवळ्यासारखी. पायाला तीनच बोटं. रायगडचा हा जिल्हा पक्षी. पहिल्या पावसाच्या सुमारास तो येतो, ओढ्याच्या किंवा वाटेच्या कडेच्या मातीत नर-मादी मिळून बीळ खोदतात आणि आत पिल्लं वाढवतात. त्यांचं भरवणं पाहणं ही जिराफाच्या फोटोवरची तोड आहे. आई किंवा बाप सापसुरळी, छोटा बेडूक किंवा खेकडा चोचीत धरून बिळासमोरच्या काडीवर बसतो. शिकार स्वतः खायची असेल तर तिचं डोकं आपल्या घशाकडे. पिल्लासाठी असेल तर डोकं बाहेर, चोचीच्या टोकाकडे. म्हणजे पिल्लाला ती डोक्याकडून गिळता येते, पाय आणि खवले घशात अडकत नाहीत. हे एकदा कळलं की नुसत्या चोचीकडे बघून सांगता येतं, आसपास बीळ आहे.

आणि तसं दिसलं तर तिथून मागे सरका. पालक बिळाकडे जायला बिचकतात ते समोर माणसं उभी असतात म्हणून. पिल्लं आत उपाशी राहतात, आणि आपण मात्र ‘पक्षी किती वेळ छान बसला’ म्हणून खूश. घरट्याची जागा ग्रुपवर टाकली की दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. पावसाळ्यात ओढे अचानक चढतात. वनखात्याने वाट बंद ठेवली असेल तर रक्षकाशी हुज्जत घालू नये.

तर मग आपण काही खायला घातलं तर नेमकं काय बिघडतं? कर्नाळ्यात हे माकडांवरून समजतं. अभयारण्यातूनच महामार्ग जातो. गाडी थांबवून केळं-वेफर्स टाकणारे भाविक रोजचे. माकडाला रानात तासन्‌तास हिंडून जे मिळतं ते इथे दोन मिनिटांत मिळतं. टोळी रस्त्याकडेला मुक्काम ठोकते, पिल्लं गाड्यांखाली येतात, आणि ज्या पोराच्या हातात पुडा नाही त्याच्याही पिशवीवर झडप पडते. नैरोबीच्या जिराफाची ढुशी आणि ही झडप एकच. शिवाय माकड रानात फळं खाऊन बिया टाकतं, ते काम थांबतं. मांडव्याच्या बोटीवरून समुद्रपक्ष्यांना कुरकुरे फेकणं हा याचाच सागरी अवतार.

मुंबईत 2025 च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून केवढं रण माजलं ते आठवत असेल. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना आजारी करते हा त्यातला वैद्यकीय मुद्दा होता. पण दाणे टाकून एका जातीची संख्या फुगवायची, हे पक्ष्यांवरचं प्रेम नाही, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे. हरियालसुद्धा कबुतरच. त्याला दाण्याचं पोतं नको, उंबर हवा.

सरसकट ‘माणसाने रानात अन्न ठेवूच नये’ असं मात्र मी म्हणणार नाही, कारण रायगड जिल्ह्यातच त्याचा अपवाद आहे. मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठरावीक जागी ठेवली जातात. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन देशातली बहुतेक गिधाडं 1990 नंतरच्या दशकात संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. उरलेल्यांना विषमुक्त खाणं मिळावं म्हणून ही सोय. इथे भरवणारा समोर नसतो, फोटो काढत नाही, आणि काय द्यायचं ते पक्ष्याच्या गरजेवरून ठरतं. नैरोबीचं केंद्र निदान अशाच प्रकारचा हिशेब करून चालतं. गाडीच्या काचेतून फेकलेलं केळं चालत नाही.

कर्नाळ्याला निघण्याआधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. किल्ल्याच्या सुळक्यावर आग्यामोहोळं असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही नको. मधमाश्या उठल्या तर पळायला वाट अरुंद आहे. आणि प्रवेशाच्या वेळा, शुल्क, पावसाळ्यात कुठल्या वाटा चालू आहेत, हे बदलत राहतं. वनखात्याकडे आदल्या दिवशी चौकशी करा. डबा सोबत न्यायला हरकत नाही. तो दाराजवळच्या बसायच्या जागी उघडा, स्वतः खा आणि शीतसुद्धा न टाकता रिकामा डबा घरी आणा. नैरोबीला जायचा योग आलाच तर तिथल्या गोळ्या जिराफाला खुशाल भरवा, आणि हात साबणाने दोनदा धुवा.